चार स्टिक आणि तासाभराने येणारा निळा स्क्रीन

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या : डीडीआर४ प्रकार, वेग ३६००, सीएल (डेटा द्यायला लागणारे घड्याळाचे ठोके) १८. त्याच मॉडेलची आणखी एक जोडी घेऊन लावली. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरचा वेग देणारी तयार सेटिंग, चालू, व्होल्टेज १.३५. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, एकही एरर नाही. पण गेम खेळताना तासाभरात निळा स्क्रीन येतो. कधी मोठी झिप फाइल 'खराब आहे' म्हणते, आणि रीस्टार्ट केलं की तीच उघडते. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

उत्तर : कार्ड राहू द्या. झिप फाइलचं सांगितलंत ते बरं केलंत. फाइल डिस्कवरच बिघडली असती, तर रीस्टार्टने सुधारली नसती. विंडोज वाचलेली फाइल रॅममध्ये धरून ठेवतं. तिथे एखादा बिट उलटला की मशीन बंद करेपर्यंत तीच बिघडलेली प्रत समोर येत राहते.

मेमटेस्ट पास झालं याचं मला नवल वाटत नाही. ते पेनड्राइव्हवरून चालतं, तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत पडलेलं असतं. गेममध्ये त्याच कार्डाची गरम हवा स्टिकवर जाते. रॅमच्या सेलमधला चार्ज उष्णतेने लवकर गळतो, आणि चार स्टिक खेटून बसल्या की मधल्या दोघींना हवाच मिळत नाही.

आधी एक्सएमपी बंद करून बॅकअप घ्या. मग एक्सएमपी पुन्हा चालू करा, कॅबिनेटचं झाकण काढा, टेबलफॅन स्टिककडे वळवा आणि तोच गेम दोन तास खेळा. निळा स्क्रीन आला नाही, तर चोर उष्णताच. तरीही आला, तर एक जोडी काढून उरलेली प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा (बहुतेक बोर्डांवर हेच स्लॉट, मॅन्युअल एकदा बघाच).

मग दुसरी जोडीही तशीच एकटी लावून बघा. दोन्ही वेळा मशीन शांत राहिलं, तर बहुधा कुठलीच स्टिक खराब नसेल. खोक्यावरचं ३६०० हे त्या एका जोडीपुरतं असतं. तुमच्याकडे दोन खोकी आहेत, आणि चौघींचं ओझं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे रॅम हाताळणाऱ्या भागावर, पडतं. डीडीआर४ चं प्रमाणित माप ३२०० पर्यंतच आहे. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मापाबाहेर वेग ताणणं, मग ते एका क्लिकवर होत असलं तरी.

व्होल्टेज वाढवू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नको, त्याने स्टिक आणखी तापतील. मी चारही स्टिक ठेवून ३२०० आणि सीएल १६ करीन. हिशेब बघा : दर ठोक्याला डेटा दोनदा जातो, म्हणून ३६०० ला खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचं, त्याचे १८ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० ला १६०० मेगाहर्ट्झ, १६ ठोके, पुन्हा १० च. बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) नवव्या हिश्श्याने घटेल. गेममध्ये मला तरी ते कधी जाणवलं नाही. नंतर विंडोजमध्येच मेमरी टेस्ट चालवा, सोबत ग्राफिक्स कार्डही तापवत ठेवा. एक एरर आली तरी ती सेटिंग नापास.

आणि चार स्टिक लावल्यापासून कॉपी केलेल्या फाइल्स उघडून बघा. असाच वेग ताणलेल्या मशीनवर मी एकदा घरचे फोटो हलवले होते. थंबनेल छान दिसायचे, उघडल्यावर काहींचा खालचा अर्धा भाग राखाडी. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर मी पुसून टाकलं होतं. तुमचं अजून पुसलं नसेल, तर इतक्यात पुसू नका.