गरोदरपणात कांजिण्यांचा संपर्क

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. काल माझ्याजवळ बराच वेळ बसलेल्या भाच्याला आज कांजिण्या उठल्या. बाळाला धोका आहे का?

उत्तर : पुरळ उठण्यापूर्वी एक-दोन दिवसही हा आजार पसरतो, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असल्यास (तुमच्या आईला बहुधा आठवत असेल) तुमच्या शरीरात प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) असण्याची शक्यता मोठी आहे. खात्री नसल्यास आजच डॉक्टरांना फोन करावा, कारण रक्ततपासणीत प्रतिपिंडे आढळली नाहीत, तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन देता येते. बाळाला दोष उद्भवण्याचा धोका अल्प असतो. मला अधिक काळजी वाटते ती गरोदर आईला होऊ शकणाऱ्या न्यूमोनियाची. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने ती प्रसूतीनंतरच घ्यावी.