शब्दांच्या खोट्या आठवणी: पहिला प्रयोग करताना

लोकांना शब्दांची यादी ऐकवायची, मग आठवतील ते शब्द लिहायला सांगायचे आणि यादीत नसलेला शब्दही कुणी लिहितो का ते बघायचं, हा प्रयोग तू सोलापुरातच करतोयस, छान! पण इंग्रजी याद्यांचं भाषांतर वापरू नकोस. नवशिके तिथेच फसतात. आधी वीसेक जणांना विचार, ‘चादर’ म्हटलं की काय आठवतं? माग, सूत, पांघरूण, थंडी, उशी... असे पंधरा शब्द घे, घट्ट नात्याचे आधी. ‘चादर’ मात्र यादीत नको. १९९५मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात असाच न ऐकलेला शब्द अनेकांनी खात्रीने सांगितला होता.

- एका सुरात वाच, कुठल्याच शब्दावर जोर नको.
- ‘अंदाजाने लिहू नका’ हे आधीच सांग.

कुणी ‘चादर’ लिहिलं तर हसू नकोस. तो खोटं बोलत नसतो, त्याला ती खरंच ऐकल्यासारखी वाटते. आकडेमोड नंतर बघू.