चाळिशीच्या आसपास पाचारण (धर्मभगिनी होण्याची देवाची हाक) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३८, अविवाहित, नोकरी करते. काही वर्षांपासून धर्मभगिनी (कॅथलिक नन) व्हावंसं वाटतं, पण खात्री होत नाही. खात्री झाल्यावरच धर्मभगिनींच्या एखाद्या संस्थेला लिहावं ना?

उत्तर : नाही, आधी लिहा. खात्रीची वाट पाहता पाहता वय निघून जातं. चर्चच्या कायद्यात कमाल वय दिलेलं नाही, पण बहुतेक संस्था आपल्यापुरती मर्यादा ठरवतात आणि ती अनेकदा पस्तीस-चाळिशीच्या आसपास असते. अपवाद होतात. जर्मन तत्त्वज्ञ आणि पुढे संत झालेल्या एडिथ श्टाइन १९३३ मध्ये कोलोनच्या कार्मेल (बंदिस्त धर्मभगिनींच्या) मठात दाखल झाल्या तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या. तरी अपवादावर भिस्त ठेवू नका. पहिल्याच पत्रात वय सांगून मोकळ्या व्हा.

खात्री नसलेल्यांसाठीच ही वाट इतकी लांब ठेवली आहे. आधी भेटीगाठी, मग काही काळ मठात मुक्काम, मग उमेदवारी. त्यानंतर नोव्हिशिएट (व्रतांपूर्वीचा प्रशिक्षणकाळ) : किमान १२ महिने, कमाल दोन वर्षं, निर्णय होत नसेल तर आणखी सहा महिने. या काळात तुम्ही केव्हाही निघू शकता आणि संस्थाही तुम्हाला परत पाठवू शकते. मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षांची, आणि त्यानंतरच आजीवन व्रतं. बंदिस्त चिंतनशील मठांमध्ये (जिथे बाहेर न पडता प्रार्थनेत राहायचं असतं) तर व्हॅटिकनच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्वतयारीचा हा सगळा काळ किमान नऊ वर्षांचा आहे.

नोव्हिशिएटमधली एक अट बऱ्याच जणींना उशिरा कळते. नोव्हिशिएट जिथे चालतं त्या मठापासून एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ दूर राहिलात तर नोव्हिशिएट अवैध ठरतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त रजा झाली तर ते दिवस भरून काढावे लागतात. आईवडील आजारी असतील तर त्यांची सोय आधी लावा. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ इथे चालत नाही.

आता मनाची पारख. त्यासाठी महिन्यातून एकदा भेटेल असा आध्यात्मिक मार्गदर्शक हवा, आणि शक्यतो तो ज्या संस्थेत जायचं तिच्याबाहेरचा असावा. संस्थेच्या पाचारण-संचालिका (नव्या इच्छुकांना भेटणाऱ्या सिस्टर) कितीही प्रेमळ असल्या तरी तुम्हाला पारखणं हे त्यांचं काम असतं; एकाच माणसासमोर मन मोकळं करायचं आणि परीक्षाही द्यायची, हे जमत नाही. दुसरी गोष्ट, तुम्ही कशाकडे जाताय की कशापासून पळताय? मोडलेलं लग्न, कंटाळवाणी नोकरी, एकटेपणाची भीती यांपैकी काही ताजं असेल तर वर्षभर थांबा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा नियम उपयोगी आहे : मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. तो नियम घरी बसलेलीलाही लागू आणि नोव्हिशिएटमधल्या नोव्हिसलाही.

मठात राहायला जाल तेव्हा सणावाराला जाऊ नका, साध्या कामाच्या दिवसांत जा. म्हाताऱ्या, आजारी सिस्टरांकडे कोण बघतं? जेवणाच्या टेबलावर कोणी कायम गप्प असतं का? सुपिरियरशी (मठप्रमुखाशी) मतभेद झाला तर पुढे काय होतं? हे विचारा. तुमची पदवी वापरली जाईलच असं नाही, बदली कुठेही होऊ शकते, हेही ऐकून घ्या. चाळिशीत आलेल्या बाईला दारिद्र्य किंवा ब्रह्मचर्यापेक्षा आज्ञापालनच जड जातं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पंधरा वर्षं स्वतःची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवलेल्या बाईने बाहेर जाण्यासाठी आपल्यापेक्षा लहान सिस्टरची परवानगी मागायची असते. पहिल्या सहा महिन्यांत खटके उडतात ते बहुधा इथेच, प्रार्थनेवरून नव्हे.

प्रश्न : माझा दिवाणी घटस्फोट झालाय. मार्ग बंद झाला का?

उत्तर : फक्त दिवाणी घटस्फोट पुरत नाही. चर्चच्या नजरेत विवाहबंधन टिकून असेपर्यंत नोव्हिशिएटमधला प्रवेशच अवैध ठरतो. विवाह मुळात झालाच नव्हता, असा चर्चच्या धर्मन्यायालयाचा निर्णय लागतो, म्हणून धर्मगुरूंना भेटून ती चौकशी आधी सुरू करा. विधवांना अशी आडकाठी नाही. १६१० मध्ये व्हिजिटेशन या धर्मभगिनींच्या संस्थेची स्थापना करणाऱ्या संत जेन दि शांताल स्वतः विधवा होत्या. मुलं अल्पवयीन असतील तर मात्र जवळजवळ प्रत्येक संस्था थांबायला सांगेल.

प्रश्न : कर्ज, घर, कागदपत्रं यांचं काय करायचं?

उत्तर : कर्ज आधी फेडा. फेडता न येणारं कर्ज असलेलीला घेऊ नये, असा नियमच आहे. घर मात्र विकू नका आणि साठवलेले पैसे उत्साहाच्या भरात कोणाला, संस्थेलासुद्धा, देऊन टाकू नका. पहिल्या व्रतांपूर्वी मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची असते, मालकी तुमचीच राहते. मृत्युपत्र आजीवन व्रतांपूर्वी करायचं असतं. मधेच बाहेर पडलात तर केलेल्या कामाचा मोबदला हक्काने मागता येत नाही. संस्थेने न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच कायदा सांगतो. नोकरीत बिनपगारी रजा मिळत असेल तर लगेच राजीनामा देऊ नका.

बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढा. विवाह, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) अशा नोंदी मूळ नोंदवहीत त्याच पानावर पुढे लिहिल्या जातात. कपाटातल्या जुन्या प्रतीवर त्या नसतात, त्यामुळे ती परत येते. सोबत दृढीकरणाचा आणि अविवाहित किंवा विवाहबंधनातून मुक्त असल्याचा दाखला लागतो. वैद्यकीय आणि बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय तपासणीही होते. मानसशास्त्रीय तपासणीला तुमची संमती लागते. अहवाल कोण वाचणार हे सही करण्यापूर्वी विचारा. नैराश्याची औषधं चालू असतील तर सांगा. त्यावरून नकार येईलच असं नाही, पण लपवलेलं उघडं पडलं की विश्वास जातो.

प्रश्न : एका संस्थेने नकार दिला. आता?

उत्तर : कारण विचारा. बरेचदा ते वय, तब्येत किंवा त्या घराची क्षमता एवढंच असतं, आणि दुसरीकडे त्याने अडत नाही. मात्र याआधी कुठे रीतसर दाखल झाला असाल तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र लागतं. ते टाळून पुढे जाता येत नाही. समूहजीवन जमणारच नाही असं दिसलं, तर बिशपांच्या हस्ते होणारा कुमारिका-समर्पणाचा विधी आहे. जगात राहणाऱ्या स्त्रियांसाठी तो १९७० मध्ये पुन्हा खुला झाला. त्यात आपल्याच घरी राहून, स्वतः कमावून जगायचं असतं. विवाह झालेल्यांना तो घेता येत नाही. चौकशी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयात करा.