वाचक विचारतात : लोखंडी सांगाडा, लाकडी अंग

प्रश्न : ‘कटी सार्क’ या चहा वाहणाऱ्या शिडाच्या जहाजाचा सांगाडा लोखंडी, मग बाहेरून फळ्या कशाला? आणि चहाची वाहतूक तिने लवकर का सोडली?

उत्तर : फळ्या होत्या त्या तळाच्या पत्र्यासाठी. शेवाळ आणि शिंपले चिकटले की जहाजाचा वेग पडतो. त्यावर उपाय म्हणजे मुंट्झ धातूचा, म्हणजे सुमारे 60 टक्के तांबे आणि 40 टक्के जस्ताचा पत्रा. पण तो थेट लोखंडावर ठोकला, तर खाऱ्या पाण्यात लोखंडच झिजते. म्हणून मध्ये लाकूड : पाण्याखाली बहुतेक रॉक एल्म, वर सागवान. सांगाडा लोखंडी ठेवल्याने जाड लाकडी तुळया वाचल्या आणि मालाला जागा मिळाली. पहिल्याच फेरीत शांघायहून सुमारे 13 लाख पौंड चहा आला. या जोडकामाची खोड मात्र गेली नाही. पाणी झिरपले तिथे लोखंड गंजले. आज जपून ठेवलेल्या या जहाजाच्या अलीकडच्या डागडुजीतही मुख्य डोकेदुखी हीच होती.

दुसरे उत्तर सोपे. जहाज स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला 1869 च्या नोव्हेंबरात पाण्यात उतरले आणि त्याच महिन्यात सुएझ कालवा खुला झाला. आगबोटींना जवळची वाट मिळाली. शिडाच्या जहाजाला कालव्यातून ओढून न्यावे लागे, वर तांबड्या समुद्रातले उलटे वारे. म्हणजे आफ्रिकेला वळसा आलाच. तिचा खरा दबदबा पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरीवर जमला. 1885 मध्ये तिने सिडनी ते लंडन 73 दिवसांत गाठले. दक्षिणेकडच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांत कोळशाचा खर्च नसलेले जहाज परवडत होते.