रिकाम्या पट्ट्या घेऊन या

रक्ताच्या कॅन्सरवर घरी घ्यायच्या गोळ्यांबद्दल एकदा लिहिलं की महिनाभर पत्रं येत राहतात, आणि निम्मी तेच विचारतात. सलाईन नाही, सुई नाही, खाट नाही, म्हटल्यावर औषध हलकं वाटतं. पट्टीतून काढली, पाण्याबरोबर गिळली, झालं! म्हणून पुन्हा एकदा उत्तरं देतो. इथे वाचून कोणी आपला डोस बदलू नये.

सीएमएलसाठी (सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर) इमॅटिनिब 400 चालू आहे. ही केमोच ना? केस जातील का? (बार्शी)

सहसा जात नाहीत. जुन्या अर्थाची ही केमो नव्हे. बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रथिन ही गोळी बंद पाडते. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे येणं, मळमळ हे होऊ शकतं. काहींचा रंगही उजळतो आणि घरचे खूश होतात. तो औषधाचाच परिणाम आहे, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

मला जेवणानंतर गोळी सांगितली आहे, शेजारच्या काकूंना उपाशीपोटी. आजार दोघींना एकच. कोणाचे डॉक्टर चुकले? (इस्लामपूर)

कोणाचेच नाहीत. तुमचं इमॅटिनिब आहे, ते जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याने घ्यायचं, नाहीतर पोट ढवळतं. काकूंचं बहुधा निलोटिनिब असेल. त्याच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही जायला नको, चहा-बिस्कीटसुद्धा. अन्नाबरोबर ते रक्तात जास्त चढतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. याच आजाराचं तिसरं औषध डसॅटिनिब. त्याला जेवणाचं बंधन नाही, पण ॲसिडिटीच्या गोळ्यांशी त्याचं वैर आहे: त्या घेतल्या की ते अंगी लागत नाही. आपल्याकडे पँटोप्राझोल शेंगदाण्यासारखं खाल्लं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं. काकूंशी गप्पा मारा, वेळापत्रक जुळवू नका.

पपनस खाल्लं तर चालेल का? (रत्नागिरी)

नको. ग्रेपफ्रूटही नको. या फळांमुळे यातल्या बऱ्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. संत्रं-मोसंबी खा.

मुलगी सात वर्षांची, एएलएलची (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) देखभालीची ट्रीटमेंट चालू आहे. रोज रात्री दोन्ही गोळ्या खलबत्त्यात कुटून मधातून देते. कडू लागते म्हणते. (परभणी)

हे पत्र वाचताना मी 'रोज रात्री दोन्ही गोळ्या' इथेच थांबलो आणि पत्रातल्या नंबरवर फोन लावला. देखभालीच्या काळात, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावर तो परतू नये म्हणून औषध चालू असतं तेव्हा, 6-मर्कॅप्टोप्युरिन रोज असतं, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. सुदैवाने ताईंचं फक्त वाक्य चुकलं होतं. मेथोट्रेक्सेट त्या शुक्रवारीच देत होत्या. प्रत्येकाचं नशीब असं नसतं. साप्ताहिक मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं की आठवड्याभरात तोंड सोलून निघतं, हाडांच्या मज्जेतल्या रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावूही शकतो. मी स्वतः पाहिलेल्या एका केसमध्ये मेडिकलवाल्याने पाकिटावर सवयीने 1-0-0, म्हणजे रोज सकाळी एक, असं लिहिलं होतं, आणि घरच्यांनी ते भक्तिभावाने पाळलं. चिठ्ठीवर आणि पाकिटावर वार लिहून घ्या, भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या वाराला लाल गोल करा. गोळी किती मिलिग्रॅमची तेही दर वेळी वाचा: 2.5 ची आणि 10 ची दोन्ही मिळतात आणि दोन्ही चिमुकल्याच.

आता खलबत्ता. त्यात उद्या वेलदोडे कुटाल ना? ही पूड हाताला लागते, श्वासातून जाते, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हातही लावू नये. काही गोळ्या पाण्यात विरघळवून देता येतात, काही अजिबात नाही. तुमच्या मुलीच्या गोळीचं काय करायचं ते हॉस्पिटलच्या फार्मासिस्टला विचारा, मला नको. तोवर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि तो खलबत्ता स्वयंपाकातून काढा. गोळीनंतर उलटी झाली तर मनाने दुसरी देऊ नका, फोन करा.

मिस्टरांना सीएमएल आहे. वर्षभर रिपोर्टमध्ये 'आढळले नाही' येतंय, शेतात काम करतात, काही त्रास नाही. नातेवाईक म्हणतात, कशाला रोज विष पोटात घालता? म्हणून दिवसाआड घेतात. पैसेही वाचतात. चालेल ना? (जत)

नाही चालणार. आणि हा प्रश्न माझ्या दुखऱ्या नसेवरचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

'आढळले नाही' म्हणजे बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या रक्ततपासणीच्या (पीसीआर) चाळणीला जेवढं दिसू शकतं तेवढ्यात काही दिसलं नाही. खाली काय उरलंय ते ती चाळणी सांगत नाही. गोळी रोज घेतली तर उरलेल्या पेशी दबून राहतात. दिवसाआड घेतली की त्यांना दिवसाआड मोकळं रान मिळतं.

2010 साली लंडनच्या डॉक्टरांनी इमॅटिनिब घेणाऱ्या सीएमएलच्या रुग्णांना चिप बसवलेल्या झाकणाच्या बाटल्या दिल्या. झाकण कधी उघडलं ते चिप टिपून ठेवायची. ज्यांनी 90 टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या त्यांच्यातल्या फार थोड्यांना अपेक्षित गुण आला. 80 टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत एकालाही नाही. 90 टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकल्या. फक्त तीन! दिवसाआडमध्ये पंधरा चुकतात.

आणि पुढे काय होतं तेही ऐका. रिपोर्टमधला आकडा वर जातो. मी विचारतो, "गोळ्या वेळेवर ना?" पेशंट म्हणतो, "हो डॉक्टर, एकही नाही चुकवली." मग मला वाटतं औषध हरलं, आणि मी दुसरं, महागडं औषध लिहितो, जे कदाचित लागणारच नव्हतं. म्हणून माझ्या ओपीडीत रिकाम्या पट्ट्या आणायला सांगतो. पिशवीतून त्या टेबलावर ओतल्या की मोजायला दोन मिनिटं लागतात. मागे एक जण साठ गोळ्या लागायला हव्या होत्या तिथे एकतीस संपवून आला होता. चिडायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, येण्या-जाण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते, म्हणून एका महिन्याचं औषध दोन महिने पुरवलं. त्यावर मी काय चिडणार? पण हे त्याने आधी सांगितलं असतं तर तीन महिन्यांचा साठा देता आला असता, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करता आले असते. पैशाची अडचण सांगायला लाजू नका, गोळी चुकवल्याची तर मुळीच नाही.

गोळी थांबवण्याचा मार्ग आहे, तो मी लपवत नाही. निदान तीन वर्षं उपचार, त्यात सलग दोन वर्षं फार खोलवर गुण (तपासणीत आजार जवळजवळ न दिसणं) टिकलेला, आणि थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर. एवढं करूनही साधारण निम्म्यांचा आजार परततो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. हा निर्णय तज्ज्ञासमोर बसून घ्यायचा असतो, लग्नाच्या पंगतीत नव्हे. मिस्टरांना या आठवड्यात घेऊन जा आणि दिवसाआडचं खरं खरं सांगा.

कंपनी बदलली की औषध कमी लागू पडतं का? व्हॉट्सॲपवर एक जण निम्म्या किमतीत देतोय, बिल नाही. (उल्हासनगर)

भारतीय कंपन्यांच्या इमॅटिनिबवर इथले रुग्ण वर्षानुवर्षं बरे राहिलेत. सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 ला मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्याचा फायदा आपण सगळे घेतो. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलत बसू नका, आणि बदलला तर डॉक्टरांना कळवा. बिल नाही, बॅच नंबर नाही, ते औषध नाही. त्याच माणसाने 'इम्युनिटी किट'ही गळ्यात मारायचा प्रयत्न केला असेल, पैज लावतो.

सोबत गुळवेलीचा काढा, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस चालू आहे. नैसर्गिक आहे, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. (नाशिक)

धोत्राही नैसर्गिकच. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले; त्यावर वाद झाला, पण तुमचं यकृत आधीच या गोळ्या पचवण्यात गुंतलंय. तिन्ही थांबवा, बाटल्यांसकट डॉक्टरांकडे जा, लिव्हरची तपासणी करून घ्या.

ताप 101. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत थांबू का? (पनवेल)

नाही. 100.4 च्या वर गेला की रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

लग्न ठरलंय. सासरी सांगितलेलं नाही. गोळी चालू असताना मूल होऊ शकतं का? (सातारा)

सासरी कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. होणाऱ्या नवऱ्याला मात्र लग्नाआधी सांगा. या गोळ्यांनी गर्भाला धोका असतो, म्हणून संततिनियमन आवश्यक. मूल हवं असेल तर आधी वर्षभर आखणी लागते आणि ती शक्य असते. मनाने गोळी बंद करून दिवस राहू देणं, ही चूक करू नका.

यजमान गेले. तीन पट्ट्या तशाच आहेत, सील न फोडलेल्या. एखाद्या गरिबाला देऊ का? (वाई)

तुमचं मन कळतं. पूर्वी मी अशा पट्ट्या घेऊन दुसऱ्यांना द्यायचो. आता देत नाही, कारण त्या उन्हात टीव्हीवर पडून होत्या की कपाटात, हे मला सांगता येत नाही. गटारात टाकू नका, घंटागाडीत नको. त्यांचे उपचार जिथे झाले तिथल्या फार्मसीत नेऊन द्या. जमत नसेल तर कोणाबरोबर पाठवा, घाई नाही.