पाकिटातलं खाणं बंद केलं तर मुलीचा एक्झिमा जाईल का?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, तिला एक्झिमा म्हणजे इसब आहे, आणि बिस्किटं, चिप्स, नूडल्स पूर्ण बंद केली तर तो जाईल का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यानेच बहुधा जाणार नाही. पाकिटं कमी जरूर करा, पण मलमाचं काम पथ्यावर सोपवू नका. मी नेमकी हीच चूक केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मुलाला सहाव्या महिन्यात गालांवर इसब सुरू झालं आणि पुढे ते कोपरांच्या, गुडघ्यांच्या घड्यांत उतरलं. तो तीन वर्षांचा असताना मी पाकिटं बंद केली. आठवडाभरात चट्टे फिके पडले आणि मला वाटलं, सापडलं कारण! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग वाटलं अजून काहीतरी राहिलंय, म्हणून दूध बंद केलं, अंडं बंद केलं, शेवटी गहूसुद्धा. चार महिन्यांत त्याचं वजन वाढायचं थांबलं, आणि रात्रीचं खाजवणं होतं तिथेच. त्वचारोगतज्ज्ञांनी खाण्याबद्दल काही विचारायच्या आधी मलमाची ट्यूब दाखवायला सांगितली. तीन महिन्यांपूर्वी दिलेली ट्यूब जवळजवळ भरलेलीच होती. स्टेरॉइड आहे म्हणून मी घाबरत घाबरत टाचणीच्या डोक्याएवढं लावत होते.

पहिल्या आठवड्यात फरक का पडला, हे मला नंतर कळलं. इसब मुळातच वरखाली होत राहतं. आपण पथ्य सुरू करतो ते नेमकं सगळ्यात वाईट दिवसांत, आणि त्यानंतर ते थोडं उतरणार असतंच. श्रेय मात्र बंद केलेल्या पदार्थाला मिळतं. कितीतरी आईवडील याच चकव्यात सापडून मुलाच्या ताटातला एकेक पदार्थ काढत जातात.

मूळ दुखणं त्वचेच्या विणीत आहे. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन ही वीण घट्ट ठेवतं. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड असला तर एक्झिमाची शक्यता बरीच वाढते, हे २००६ साली समोर आलं. वीण सैल असली की आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं धूळ, साबण, जंतू असं सगळं आत शिरतं. ही सैल वीण कोणत्याही पथ्याने शिवली जात नाही.

मग पाकिटांचा संबंधच नाही का? आहे, पण किती आहे ते नीट पाहायला हवं. २०१३ साली अनेक देशांतल्या मिळून सुमारे पाच लाख मुलांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांमध्ये तीव्र दमा, नाकाची ॲलर्जी आणि तीव्र एक्झिमा जास्त आढळला, तर तितक्याच वेळा फळं खाणाऱ्यांमध्ये कमी. पण हा प्रश्नावलीवरचा अभ्यास होता. दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच त्यातून कळतं, एकीमुळे दुसरी झाली असं नाही. २०२४ साली मिठाबद्दलही असंच दिसलं: दिवसभराच्या लघवीतलं सोडियम (मिठातला घटक) एका ग्रॅमने जास्त, तर एक्झिमाची शक्यता सुमारे ११ टक्के जास्त. शिवाय तो अभ्यास प्रौढांचा होता, लहान मुलांचा नाही.

रोजच्या व्यवहारात पाकिटं त्रास देतात ती वेगळ्याच वाटांनी. ज्या मुलाला दुधाची, अंड्याची किंवा सोयाची खरोखर ॲलर्जी आहे, त्याला ते नकळत पोटात जातं, कारण पाकिटावर, उदाहरणार्थ दुधासाठी, ‘केसीन’, ‘व्हे’ अशी नावं असतात. खारट-आंबट मसाला ओठांभोवतीच्या फुटलेल्या त्वचेला झोंबतो आणि तिथे लाली येते. ती ॲलर्जी नसते, नुसती जळजळ असते. शिवाय चिप्सने पोट भरलं की फळं-भाज्यांना जागा राहत नाही.

एक फरक ओळखायला शिका. काही खाल्ल्यावर मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर ती ॲलर्जी असू शकते. तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा. असं कधीच झालं नसेल तर दूध-अंडं आपल्या मनाने महिनोन्महिने बंद ठेवू नका. एक्झिमा असलेल्या मुलांत दीर्घकाळ टाळलेला पदार्थ परत दिल्यावर एकदम जोराची ॲलर्जी उठल्याची उदाहरणं आहेत. हे मला आधी माहीत असतं तर मी तो प्रयोग केलाच नसता. रक्ततपासणीतल्या लांबलचक यादीवरूनही पदार्थ काढू नका. तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेला पदार्थ मूल मजेत पचवत असतं, असं पुष्कळदा होतं.

आमच्याकडे फरक पडला तो कंटाळवाण्या गोष्टींनी. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपून लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि तेही सढळ हाताने. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमसुद्धा लागू शकतं, हे ऐकून मी चाट पडले होते. चट्टे लाल असतील तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं स्टेरॉइड, सांगितलं तितकं आणि सांगितले तितके दिवस. दोन आठवड्यांत मुलगा रात्रभर झोपू लागला, आणि तेव्हा त्याचं दूध-अंडं डॉक्टरांच्या सल्ल्याने परत सुरू झालेलं होतं.

आणि चट्ट्यांतून पाणी सुटलं, पिवळी खपली धरली, किंवा ताप येऊन दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.