दोन बटणे कशासाठी?

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. आयटीआय करून तो भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर लागला. गेल्या महिन्यात शेजारच्या मशीनवरील मुलाची दोन बोटे गेली. ‘मोबाईलच्या नादात लक्ष नव्हते,’ असे सुपरवायझर म्हणतात. मुलाला मी काय सांगावे?
— एक आई, पिंपरी

उत्तर : ‘लक्ष ठेव’ एवढेच सांगून भागणार नाही. पाळीभर तीच पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायची आणि काढायची म्हटल्यावर कोणाचेही लक्ष कधीतरी ढळणारच, आणि ते ढळले तरी बोट शाबूत राहावे यासाठीच प्रेसला दोन बटणे दिलेली असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याखेरीज रॅम, म्हणजे पत्र्यावर आदळणारा वरचा भाग, खाली येत नाही, म्हणजे तो येतो तेव्हा चालवणाऱ्याचे हात बाहेरच असतात. परंतु जॉबचा, म्हणजे तयार नगांचा, आकडा गाठण्यासाठी एक बटण पट्टी अडकवून दाबून ठेवतात किंवा हात आत असल्यास प्रेस थांबवणारा सेन्सर बायपास करतात, आणि नव्या मुलाला ‘काम शिकवतात’ तेही त्याच पद्धतीने. माझ्या मते त्या अपघाताची चौकशी मोबाईलपासून नव्हे, बटणापासून सुरू व्हायला हवी होती.

मुलाला शांतपणे विचारा : त्याच्या प्रेसची दोन्ही बटणे चालतात, की ती पायाच्या पेडलवर चालते? पेडल असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून तेथे हात आत जाऊ न देणारे गार्ड हवे आणि जॉब चिमट्यानेच उचलायला हवा. अडकलेला जॉब काढताना तो मेन स्विच बंद करतो का? एकदा दाबल्यावर प्रेस दोनदा आदळते का? याचे उत्तर ‘कधीकधी’ असे आले, तर रॅमची हालचाल सुरू-बंद करणारा क्लच झिजलेला असू शकतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याने त्या मशीनवर उभे राहू नये. हातमोजे दिले आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. ते पत्र्याच्या धारेपासून वाचवतात, रॅमपासून नाही, आणि ड्रिल मशीनवर तर ते फिरत्या बिटात गुंतून हातच ओढून नेतात.

त्याची नेमणूक कामगार म्हणून आहे की शिकाऊ उमेदवार म्हणून, हेही कागदावर पाहा. कामगार असल्यास आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असल्यास त्याचा विमा क्रमांक आजच मागून घ्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असल्यास इजेच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येते. मशीनबाबत कारखान्यात कोणी ऐकून घेत नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. ती मुलाऐवजी तुम्हीही करू शकता.